बंदूक चौकटीत, हात बाहेर: एका प्रयोगाची चिकित्सा

या वेळचा पेपर इतिहासाचा आहे. तरी विज्ञान शाखेच्या, पेट-सेटची तयारी करणाऱ्या मुलांनी तो वाचावाच असं मला वाटतं, कारण प्रयोगातून काय वगळायचं हा आपला रोजचा प्रश्न त्यात उघडा पडलाय. 'मटेरियल हिस्टरी रिव्ह्यू' या कॅनडातल्या नियतकालिकात तो 1995 मध्ये आला. लेखक पीटर क्रेन, पॉल कालाउस आणि बर्ट हॉल. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराच्या शस्त्रागारात जपलेल्या जुन्या, अस्सल बंदुका 1988-89 मध्ये त्यांनी प्रत्यक्ष झाडून बघितल्या.

जुन्या दारूच्या हत्यारांबद्दल आपल्याकडे दोन टोकांचं बोललं जातं. एकतर 'तेव्हा कसला नेम, नुसता धूर'. नाहीतर विजापूरच्या मुलुखमैदान तोफेपाशी ऐकायला मिळतं तसं: बत्ती दिली की गोलंदाज शेजारच्या हौदात उडी मारायचा. ही तोफ आमच्या जिल्ह्याची. निजामशाहीत, 1549 मध्ये, नगरला ओतलेली, वजन साधारण 55 टन. देवळाली प्रवऱ्यात कुणी माइकवर जोरात बोललं तरी त्याला मुलुखमैदान म्हणतात! पण धूर काय, हौद काय, दोन्ही गोष्टींत मोजमाप कुठेच नाही. ग्राझच्या लोकांनी मोजलं, हे त्यांचं मोठं काम.

त्यांनी बंदूक चौकटीत घट्ट बसवली आणि दारू विजेने पेटवली. गोळी नळीतून सुटताना सरासरी वेग निघाला सेकंदाला 450 मीटरच्या आसपास. म्हणजे आवाजाच्या वेगाहून बराच जास्त आणि आजच्या लष्करी रायफलीच्या साधारण निम्मा. 'नुसता धूर' म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे. पुढे गोल गोळीला हवेचा विरोध जास्त, त्यामुळे वेग झपाट्याने पडतो. आणि आतून गुळगुळीत नळीची गोळी चौकटीतून सोडली तरी 100 मीटरवर चांगलीच विखुरते. पकड पक्की असूनही विखुरते म्हणजे हा दोष माणसाचा नाही, नळीचा आणि गोळीचा. चौकटीशिवाय हे वेगळं काढताच आलं नसतं.

माझा आक्षेप इथून सुरू होतो. ठासणीच्या बंदुकीत बंदूक आणि माणूस इतके वेगळे असतात का?

ही बंदूक आजही हौसेने झाडणारे लोक जगभर आहेत. त्यांना त्यात काय आवडतं ते ऐका. काडतूस विकत आणून घालायचं नसतं, प्रत्येक बार स्वतः तयार करायचा असतो. दारू मापून नळीत ओतायची, गोळी तेलकट कापडाच्या चकतीत धरून तोंडाशी बसवायची, गजाने खाली ठासायची. ठासताना गज कुठे अडतो, किती जोर लागतो, हे तळहाताला कळतं. मग रंजक घालायची किंवा टोपी बसवायची. चाप ओढल्यावर तोड्याच्या बंदुकीत रंजक आधी भडकते, आतला बार क्षणभराने सुटतो; तेवढा वेळ नेम हलू द्यायचा नाही. जळालेल्या दारूचा वजनाने निम्म्याहून जास्त भाग घनरूपात उरतो. तो धुरात जातो, नाहीतर नळीत कीट होऊन बसतो. त्यामुळे पाचवी गोळी पहिल्या गोळीसारखी ठासली जात नाही. ओल्या हवेत हा कीट वेगळाच वागतो. चूक झाली तर ती आपल्याच हातातल्या कुठल्या तरी पायरीवर झालेली असते आणि ती शोधता येते. प्रयोगशाळेत टायट्रेशन करणाऱ्याला हे सुख ओळखीचं वाटेल.

ग्राझच्या प्रयोगात यातला बराचसा भाग गाळलाय. विजेने पेटवल्यावर रंजक आणि बार यांच्यातला विलंब गेला, रंजक नुसतीच भडकून फुकट जाते तेही गेलं. दारू आजच्या कारखान्यातली, एकसारख्या दाण्याची. म्हणून 450 हा आकडा बंदुकीच्या क्षमतेचा मानावा, लढाईतल्या शिपायाचा मानू नये. लेखकांना हा फरक माहीत आहे, पण आकडा उचलणारे तो विसरतात. आणखी एक: शस्त्रागारात टिकल्या त्या बंदुका. फुटलेल्या, वाकलेल्या, मोडीत गेलेल्या या नमुन्यात येणारच नाहीत.

मग हौशी नेमबाजांच्या गुणपत्रिका वापराव्या का? 1971 पासून एमएलएआयसी ही आंतरराष्ट्रीय संस्था ठासणीच्या बंदुकांच्या स्पर्धा घेते. जपानी तोड्याच्या बंदुकीसाठी 'तानेगाशिमा' नावाचा वेगळा प्रकारही आहे. बहुतेक प्रकारांत 30 मिनिटांत 13 गोळ्या झाडायच्या आणि त्यातल्या उत्तम 10 धरायच्या. खेळ म्हणून हे छान आहे, जुन्या हत्याराला थोडी सवलत हवीच. पण विदा म्हणून? सगळ्यात वाईट 3 निकाल नियमानेच टाकून दिलेत! तुम्ही असं थिसिसमध्ये केलंत तर गाईड वही तोंडावर फेकतील. शिवाय अंतिम गुणांवरून कुठली गोळी कितवी होती ते कळत नाही, फुसका बार किती वेळा झाला तेही कळत नाही. हाताला जे कळलं ते कागदावर उतरतच नाही.

मला दोन्हींची सांगड हवी आहे. तीच बंदूक, तीच दारू. काही फैरी चौकटीतून, काही खांद्यावरून, पेटवणी मूळ पद्धतीची. प्रत्येक गोळीचा क्रमांक, हवेतली आर्द्रता, शेवटची सफाई कधी झाली, फुसके बार, सगळं नोंदवायचं. कीट साचत जातो म्हणून क्रम हाच एक चल धरायचा. दोन्ही फैरींतल्या विखुरण्यातला फरक हा ढोबळमानाने हाताचा वाटा.

आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, कोकणात पीक राखायला काहींकडे तो असतो. बंदुकीच्या दारूवर स्फोटकांचे नियम वेगळे. तेव्हा घरी काही करून बघू नका. मूळ पेपर मिळवा, त्यातले तक्ते समोर ठेवा आणि प्रत्येक रकान्यापुढे पेन्सिलने लिहा: हे बंदुकीचं, हे दारूचं, हे माणसाचं. तिसरा शेरा किती ठिकाणी लिहिता आला ते खाली कळवा.