पीप्सच्या रोजनिशींतील युद्ध

इतिहासकार युद्ध संपल्यावर लिहितो. त्यामुळें मोठें कोणतें आणि क्षुद्र कोणतें हें निवडण्यास त्याला अवसर मिळतो. रोजनिशी लिहिणाऱ्याला तो नसतो. सॅम्युएल पीप्स यानें १६६० पासून १६६९ पर्यंत लघुलिपींत लिहून ठेविलेल्या रोजनिशीचें मोल बहुधा यामुळेंच मानलें जातें. तिची निवडक आवृत्ति प्रथम १८२५ सालीं निघाली. संपूर्ण संहिता १९७० ते १९८३ या काळांत प्रसिद्ध झाली. तिच्या स्तुतीसाठीं 'प्रांजळपणा' हा शब्द वापरण्याची वहिवाटच पडली आहे. तो पुरेसा आहे काय, एवढाच प्रश्न येथें करावयाचा आहे.

पीप्स हा इंग्लंडच्या नौदल-कचेरीचा चिटणीस. १६६५ सालीं डचांशीं युद्ध जुंपलें आणि लवकरच खजिना रिता पडला. खलाशांच्या हातीं वेतनाऐवजीं चिठ्ठ्या पडूं लागल्या. त्या दलालांना पडत्या भावानें विकल्यावांचून त्यांच्या घरीं चूल पेटेना. १० जुलै १६६६ ची नोंद पाहावी. हॉलंडांत कैद पडलेल्या खलाशांच्या तीनशेंहून अधिक बायका कचेरीच्या अंगणांत पैशासाठीं आक्रोश करीत होत्या, शिव्याशाप देत होत्या. त्या दिवशीं पीप्सच्या घरीं हरणाचें मांस भरलेली एक मोठी रोटी भाजण्यास बाहेर पाठवावयाची होती; ती या भुकेल्या बायका वाटेंत लुटतील, असें भय त्याला व त्याच्या पत्नीस पडलें! रोटी सुखरूप गेली. पुढें एकीचा विलाप ऐकून पीप्सला गहिंवर आला. त्यानें तिला बोलावून थोडे पैसे दिले आणि ती आशीर्वाद देत निघून गेली.

इतिहासाच्या कोणत्याही ग्रंथांत ही रोटी आली नसती. ती आली म्हणूनच त्या तीनशें बायकांची भूक आपणांस खरी वाटते. जॉन एव्हलिन हा पीप्सचा मित्र. आजारी व जखमी खलाशी आणि युद्धकैदी यांच्या व्यवस्थेवर तो नेमलेला होता. त्याचीही रोजनिशी आहे. परंतु तिचा बराच भाग त्यानें मागाहून पुन्हां लिहिला. तींत गांभीर्य आहे, कळकळ आहे. रोटी मात्र नाहीं.

राज्यकर्त्यांची हकीकतही पीप्स अशीच, बाजारांतल्या बातमीसारखी, टिपून ठेवितो. राजाला विवाहांत मिळालेल्या मुंबई बेटाविषयीं पोर्तुगीजांनीं आपणांस फसविलें, अशी कुरकुर त्यानें १६६३ सालींच नोंदविली आहे. जून १६६७ मध्यें डच आरमार मेडवे नदींत शिरलें, इंग्रजांचीं जहाजें जाळलीं आणि 'रॉयल चार्ल्स' हें मोठें जहाज ओढून नेलें. त्याच्या पिछाडीचें कोरीव काम आजही ॲम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. त्याच रात्रीं राजा दुसरा चार्ल्स आपल्या प्रियेसह भोजनास बसला होता आणि सारी मंडळी एका पतंग-किड्याच्या मागें धांवत होती, असें पीप्स सांगतो. ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. परंतु ती त्यानें पाहिलेली नाहीं, एका परिचितानें त्याला सांगितलेली आहे. हें तो लपवीत नाहीं. त्याचा हवाला देणारेच बहुधा विसरतात.

स्वतः पीप्स त्या दिवसांत काय करीत होता? त्यानें पत्नी आणि वडील यांजबरोबर सुमारें तेराशें पौंडांचें सोनें गांवीं रवाना केलें आणि तीनशें पौंडांचें स्वतःच्या कमरेस बांधलें. गांवीं तें बागेंत पुरण्यांत आलें, तेंही भर दिवसा! ऑक्टोबरांत कंदिलाच्या उजेडांत उकरून पाहतो तों पिशव्या कुजलेल्या, नाणीं चिखलांत विखुरलेलीं. माती चाळून, नाणीं धुऊन-मोजून तो तूट काढीत बसला. हा प्रसंग वाचतांना हंसूं आवरत नाहीं. पण याच जूनमध्यें खलाशांच्या बायका वॉपिंगच्या रस्त्यांतून ओरडत होत्या, कीं आमच्या नवऱ्यांचें वेतन बुडविलें त्याचें हें फळ. आणि डच जहाजांवर इंग्रजी बोलणारे खलाशी होते. हेंही पीप्सनेंच लिहिलें आहे.

येथें आमचा मतभेद आहे. द्रव्यासाठीं पीप्सनें वरिष्ठांकडे पुन्हां पुन्हां तगादा केला होता. रित्या खजिन्याचा दोष एका चिटणीसाचा नव्हे. परंतु रोटी, चिठ्ठी आणि कमरेचें सोनें हीं एकाच हिशेबाचीं कलमें आहेत, हें तो त्या नोंदींत जुळवून पाहत नाहीं. प्रांजळपणा म्हणजे आत्मपरीक्षण नव्हे. पीप्स सर्व सांगतो. निवाडा करीत नाहीं. मात्र त्यानें निवाडा केला असता, तर त्या रोटीची नोंद पहिल्यानें खोडली असती, असें आम्हांस वाटतें. म्हणून ही बेरीज त्यानें केली नाहीं याबद्दल त्याला दोष देऊन वाचकानें मोकळें होऊं नये. ती स्वतः करावी.