दीर्घायुषी नायक : पुनःकथन आणि अनुवृत्ती

एकाच नायकाच्या कथा पुष्कळ वर्षे, आणि अनेकदा निरनिराळ्या लेखकांच्या हातून, लिहिल्या जाऊ लागल्या म्हणजे त्याच्या वाचकवर्गात एक विशिष्ट प्रकारचा वाद उत्पन्न होतो. अमुक लेखकाने नायक बिघडविला, त्याच्या तोंडी न शोभणारी भाषा घातली, पूर्वी घडलेले न घडल्यासारखे केले, असे आक्षेप एका बाजूने घेतले जातात. नायक ही लेखकाची निर्मिती आहे, तिचे काय करावे हे लेखकाने ठरवावयाचे, असे दुसऱ्या बाजूने सांगण्यात येते. चित्रकथांतील महाबली नायकांविषयी हा वाद विशेष तीव्रतेने चालतो. वाङ्मयसमीक्षेने त्याची दखल घेण्याचे बहुधा टाळले आहे. कारण ज्या वाङ्मयाविषयी तो चालतो ते बालवाचकांचे किंवा बाजारी समजले जाते. परंतु त्यात अंतर्भूत असलेला प्रश्न बालिश नाही. आधी लिहिले गेलेले नंतर लिहिणाऱ्यास कितपत बांधते, हा तो प्रश्न होय. आणि ज्या भाषेत महाभारतातील पात्रे प्रत्येक पिढीत नव्याने लिहिली जातात त्या भाषेत तरी तो उपेक्षणीय ठरू नये.

या प्रश्नाचा विचार करण्यास खानदेशातील जामनेरचा परिसर एका कारणाने सोयीचा आहे. तालुक्याच्या दक्षिण सीमेपलीकडे, फर्दापुरानजीक, अजिंठ्याची लेणी आहेत. आणि तेथील भिंतींवर भारतीय चित्रकथेतील सर्वांत दीर्घायुषी नायक, म्हणजे जातककथांतील बोधिसत्त्व, आजही पाहावयास मिळतो. तो कधी राजपुत्र असतो, कधी हत्ती, कधी वानर. त्यांपैकी षड्दंत हत्तीची कथा दहाव्या लेण्यात रंगविलेली आहे व सतराव्यातही आहे. पहिले चित्र इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील व दुसरे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील मानण्यात येते. म्हणजे एकच कथा सुमारे पाच-सहा शतकांच्या अंतराने, एकाच डोंगराच्या कुशीत, दोन वेळा सांगितली गेली.

कथा अशी. सहा सुळ्यांच्या गजराजाची एक पत्नी मत्सराने मरण पावते, काशीची राणी होऊन पुन्हा जन्मास येते आणि त्याचे सुळे आणण्यासाठी व्याधास पाठविते. व्याध बाण मारतो. परंतु सुळे कापणे त्याला साधत नाही, तेव्हा घायाळ गजराज स्वतः त्याला साहाय्य करतो. सुळे दृष्टीस पडताच राणी शोकाने कोसळते. दोन्ही लेण्यांतील चित्रकारांची रेखा, आकृतींची मांडणी, वेशभूषा व अलंकार यांत पुष्कळ भेद आहे. आणि तो असावयाचाच, कारण प्रत्येकाने आपल्या काळातील माणसे रंगविली. नंतरच्या चित्रकाराने आधीच्याची प्रतिकृती केली नाही म्हणून त्याला कोणी दोष देत नाही. मात्र त्या गजराजाने संतापून व्याधाला पायांखाली तुडविले असते, तर वेशभूषा कितीही अचूक असूनही ती कथा षड्दंताची राहिली नसती.

दीर्घायुषी नायकाच्या ठिकाणी दोन घटक असतात हे या उदाहरणावरून ध्यानात येते. एक घटक बदलता असतो : वय, वेश, गाव, शत्रू, प्रसंग. दुसरा स्थिर असतो, आणि तो म्हणजे कसोटीच्या क्षणी नायक काय करील याविषयीचा नियम. सोयीसाठी याला नायकाचे व्रत म्हणता येईल. वाचकांचे पुष्कळसे वाद केवळ या दोन घटकांची गल्लत झाल्यामुळे माजतात. नायकाचा पोशाख बदलला म्हणून जितका क्षोभ होतो तितकाच त्याचे व्रत मोडले म्हणून होतो; आणि दोन्ही तक्रारी एकाच आवाजात केल्या गेल्यामुळे दुसरीचे गांभीर्य लोपते.

मराठी वाचकास या जातीच्या नायकाचा परिचय मोठ्या प्रमाणावर झाला तो इंद्रजाल चित्रकथांतून. टाइम्स ऑफ इंडिया समूहाची ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू झाली, मराठीसह अनेक भारतीय भाषांतून निघाली आणि १९९० मध्ये बंद पडली. तिचा प्रमुख नायक अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १९३६ मध्ये वृत्तपत्रीय चित्रमालिकेसाठी निर्माण केला होता. मूळ इंग्रजी नावाचा अर्थ छायारूप पिशाच असा होतो. मराठीत त्याला ‘वेताळ’ हे नाव मिळाले. हे केवळ भाषांतर नव्हते. वेताळ हे महाराष्ट्रातील जुने लोकदैवत आहे. तो भुतांचा अधिपती असून रात्री फेरीस निघतो अशी श्रद्धा आहे. कोकणात आरवलीच्या वेतोबास त्या फेरीसाठी भाविक आजही मोठमोठ्या वहाणा अर्पण करतात. दूरदेशीच्या अरण्यात अन्यायाचा शोध घेत हिंडणाऱ्या बुरखाधारी पुरुषास हे नाव मिळताच त्याला मराठी मनात एक वडीलधारा नातलग लाभला. याशिवाय भारतीय आवृत्तीत त्याच्या ‘बंगाला’ देशाचे ‘देंकाली’ झाले आणि मूळ कथेतील सिंग नावाच्या चाच्यांना ‘सिंगा’ हे नाव मिळाले, कारण मूळ नावांनी येथे भलताच अर्थबोध झाला असता. देश बदलला, शत्रूचे नाव बदलले. तरीही वेताळ बदलला असे वाचकांस वाटले नाही. बदलत्या घटकाचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

जामनेरसारख्या ठिकाणच्या वाचकाचा येथे स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे. जामनेर हे पाचोऱ्याहून निघणाऱ्या ५६ किलोमीटरच्या अरुंदमापी लोहमार्गावरील शेवटचे स्थानक होते. या मार्गावरील छोटी गाडी २०२० मध्ये थांबली. मुंबईत छापलेले नियतकालिक मुख्य मार्गावरून अशा आडफाट्यावर येणार, एका घरातून दुसऱ्या घरात फिरणार, त्याची पाने गळणार; तेव्हा मालिकेतील सर्व अंक क्रमाने हाती येतील हे अशा वाचकास गृहीत धरता येत नाही. तो मिळेल तो अंक मिळेल त्या क्रमाने वाचतो. नायकाचा विवाह आधी वाचनात येतो, ओळख नंतर होते. या वाचकाच्या स्मरणात तारखा व घटनाक्रम राहत नाहीत. व्रत मात्र राहते. संग्राहक आणि असा विखुरलेला वाचक यांच्यात संग्राहकास अधिक जाणकार मानण्याची प्रथा आहे. परंतु नायकाची ओळख कशात आहे हे या दुसऱ्या वाचकाच्या अनुभवावरून अधिक नेमके कळते. कारण सलगता नसतानाही जे टिकते तेच स्थिर असले पाहिजे.

येथे एक आक्षेप संभवतो. व्रत जर इतके अनुल्लंघनीय असेल तर मराठी कादंबरीकारांनी कर्णाचे जे केले त्याची वाट काय? शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ ही दोन्ही पुस्तके १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. एकीत कर्ण उदात्त नायक होऊन उभा राहतो. दुसऱ्यात महाभारतातील इतर व्यक्तींप्रमाणेच त्याच्याकडेही कठोर मानवी दृष्टीने पाहिले जाते. द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना होत असता कर्ण जे बोलला ते मूळ ग्रंथात आहे. त्याला किती वजन द्यावयाचे हे प्रत्येक लेखकाने आपल्या परीने ठरविले. दोन्ही पुस्तके मराठी वाचकांनी आपली मानली. मग चित्रकथेच्या लेखकालाच हे स्वातंत्र्य का नसावे?

याचे उत्तर पुनःकथन आणि अनुवृत्ती यांतील भेदात आहे. पुनःकथन करणारा लेखक जुन्या कथेच्या शेजारी आपली कथा ठेवतो. ‘मृत्युंजय’ लिहिली गेल्याने व्यासांचा कर्ण पुसला गेला नाही. ज्याला तो हवा त्याला तो जागच्या जागी सापडतो. सतराव्या लेण्यातील चित्राने दहाव्या लेण्यातील चित्रावर रंग फासला नाही. अनुवृत्ती करणारा लेखक मात्र जुन्या कथेच्या शेवटास आपली कथा जोडतो आणि ‘नंतर असे झाले’ म्हणून सांगतो. त्याचे प्रत्येक वाक्य मागील सर्व वाक्यांना साक्षीस ठेवून उच्चारलेले असते. मागे जमलेला विश्वास तो वापरतो. म्हणून मागील ऋणही त्याच्या माथी येते. पुनःकथनकारास स्वातंत्र्य आहे, अनुवृत्तिकारास ऋण आहे. आणि वाचकांचा आक्षेप न्याय्य की अन्याय्य हे ठरविण्यापूर्वी समोरची कृती यांपैकी कोणती आहे हे पाहिले पाहिजे.

अनुवृत्तीच्या दोन उदाहरणांची तुलना उद्बोधक ठरेल. चार दशके अविवाहित राहिलेल्या वेताळाचा विवाह फॉक यांनी १९७७ मध्ये घडवून आणला. १९७९ मध्ये त्याला जुळी मुले झाली. एकाकी, अमर भासणारा पुरुष संसारी झाला ही वरवर पाहता मोठीच मोडतोड होय. परंतु वेताळाच्या कथेचे मूळ पाहिले तर निर्णय निराळा होतो. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या पहिल्या पुरुषाने पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली की, आपण व आपल्यामागून आपले वंशज चाचेगिरी, लोभ, क्रौर्य व अन्याय यांच्याशी झुंजत राहू. कथेचा नायक हा या परंपरेतील एकविसावा. त्याचे अमरत्व वंशपरंपरेवर उभे आहे. मग वंश चालविणे हा त्या शपथेचाच भाग झाला. विवाहाने वेताळाची प्रतिमा बदलली, पण व्रत पुढे गेले. फॉक १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ही मालिका लिहीत होते, आणि आपणच केलेल्या शपथेचे ऋण त्यांनी या प्रसंगी फेडले असे म्हणता येते.

दुसरे उदाहरण अमेरिकन चित्रकथांतील कोळीमानवाचे, म्हणजे स्पायडरमॅनचे. १९६२ मध्ये स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांनी निर्माण केलेल्या या तरुणाचे व्रत त्याच्या पहिल्याच कथेत ठरून गेले. हातून सुटू दिलेल्या चोरानेच काकांचा जीव घेतला, तेव्हापासून स्वतःच्या कृतीचे परिणाम तो स्वतः वाहू लागला. १९८७ मध्ये त्याचा विवाह झाला. वीस वर्षांनी, २००७ मध्ये, हा विवाह नकोसा झाला. आणि मरणोन्मुख काकूचे प्राण वाचविण्यासाठी त्याने व त्याच्या पत्नीने एका सैतानी शक्तीशी करार करून आपला विवाह जगाच्या स्मृतीतून पुसून टाकला, अशी कथा प्रसिद्ध करण्यात आली. कथेच्या शेवटाविषयी लेखक व मुख्य संपादक यांच्यातच मतभेद झाले, आणि वाचकांचा क्षोभ दीर्घकाळ शमला नाही. हा क्षोभ विवाहप्रेमी वाचकांचा भाबडेपणा म्हणून हसण्यावारी नेण्यात आला. वस्तुतः त्यामागे वाङ्मयीन न्याय होता. विवाह मोडणे शक्य होते. घटस्फोट, वियोग, मृत्यू हे सर्व मार्ग कथेला खुले होते, आणि त्यांतील कोणताही मार्ग नायकास त्याचे ओझे वाहावयास लावणारा ठरला असता. परंतु परिणाम वाहणे हेच ज्याचे व्रत, त्याच्याकडून परिणामच नाहीसे करविले गेले. शिवाय हे पुनःकथन नव्हते. जुन्या कथेच्या शेजारी नवी ठेवली गेली नाही. वाचकांनी वीस वर्षे वाचलेले त्या नायकाच्या आयुष्यातून काढून घेतले गेले.

हे दोन प्रसंग एकत्र पाहिले म्हणजे वाचकाचे स्थानही निश्चित होते. वाचक नायकाचा मालक नाही. तसे असते तर त्याच्या मर्जीप्रमाणे कथा लिहावी लागली असती, आणि मर्जीप्रमाणे लिहिलेल्या नायकात कोणास रस राहिला नसता. वाचक हा साक्षीदार आहे. नायकाने कोणत्या प्रसंगी काय पत्करले हे त्याने पाहिले आहे, आणि अनुवृत्तिकार जेव्हा ते घडलेच नाही म्हणतो तेव्हा हरकत घेण्याचा अधिकार साक्षीदारास असतो. पुढे काय घडावे हे सांगण्याचा अधिकार मात्र त्याला त्यातून मिळत नाही.

मराठीत निर्माण झालेल्या साहसी नायकांकडे वळल्यावर एक निराळीच परिस्थिती दिसते. बाबुराव अर्नाळकर यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळा पहाड हे त्यांचे नायक कित्येक पिढ्यांनी वाचले. भा. रा. भागवत यांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे बालवाचकांच्या पिढ्यांचा सोबती झाला. अर्नाळकर १९९६ मध्ये व भागवत २००१ मध्ये निवर्तले. हे नायक मुख्यतः एकेका लेखकाच्या हातून वाढले, आणि वेताळाच्या शपथेप्रमाणे लेखणीचा वारसा सांगणारी अनुवृत्तीची भरीव परंपरा त्यांच्यामागे उभी राहिली नाही. परिणामी मराठी वाचकाला अनुवृत्तीचा वाद घालावा लागला तो बहुधा परकीय नायकांविषयी. स्वकीय नायकांच्या वाट्यास आले ते रूपांतर.

२०१७ चा ‘फास्टर फेणे’ हा आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पुस्तकातील शाळकरी मुलगा येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण झाला आहे, आणि स्वतः भागवत हे एक पात्र म्हणून कथेत आले आहेत. ‘हा आमचा फेणे नव्हे’ या तक्रारीस वरील भेद लावला तर ती अर्धी टिकते. चित्रपट हे पुनःकथन आहे. त्याने पुस्तकांतील एकही ओळ रद्द केली नाही. खऱ्याचा छडा लावल्याखेरीज स्वस्थ न बसण्याचे फेणेचे व्रतही त्याने राखले आहे. तथापि पुस्तकातील ते व्रत एका लहान मुलाचे होते. मोठी माणसे त्याचे म्हणणे सहजी मानावयास तयार नसतात, आणि बळ कमी असल्यामुळे त्याला धावावे लागते. वय वाढताच हा अडथळा सैल होतो व व्रताची किंमत उतरते. हा द्रोह नव्हे, हे उणेपण आहे. आणि या दोन दोषांना दोन निरनिराळी नावे देणे हे समीक्षेचे काम आहे.

राहतो तो प्रश्न असा की, लेखकाबरोबर नायकानेही थांबावे यात मराठी वाचकाने समाधान मानावे काय. जुना नायक अस्पर्श राहिला म्हणजे तो बिघडत नाही हे खरे. परंतु जो वाचला जात नाही त्याचे व्रत कोणाच्याही उपयोगी पडत नाही. षड्दंताची कथा दहाव्या लेण्यातच थांबली असती तर ती शुद्ध राहिली असती, आणि पाचव्या शतकातील भिक्षूंना व यात्रिकांना त्यांच्या काळच्या रूपात भेटली नसती. झुंजार किंवा फेणे यांची अनुवृत्ती करू इच्छिणाऱ्या लेखकापाशी प्रथम मागावयाची गोष्ट म्हणजे त्या नायकाचे व्रत कोणते याचा स्पष्ट निर्णय. तो निर्णय करण्यास या नायकांच्या उपलब्ध कथांचा कसोशीने अभ्यास लागेल, आणि तो अद्याप पुरेसा झालेला नाही.