भयकथांच्या जुन्या अंकांचे मोल : संग्राहकाची किंमत आणि समीक्षेची कसोटी

प्रस्तावना

मराठी वाङ्मयव्यवहारात भयकथा आणि गूढकथा या प्रकारांना वाचक उदंड लाभला. समीक्षक मात्र मोजकेच लाभले. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या लेखनाने हा प्रकार मराठीत स्थिर केला. परंतु ज्या मासिकांतून, दिवाळी अंकांतून आणि स्वस्त आवृत्त्यांतून असे लेखन प्रथम वाचकांच्या हाती पडले, ते कागद आज वेगाने नाहीसे होत आहेत. जे उरले आहेत ते रद्दीच्या दुकानातून संग्राहकाच्या कपाटात जातात आणि तेथे त्यांना किंमत येते. ही किंमत नेमकी कशाची असते आणि वाङ्मयीन मूल्याशी तिचा मेळ कितपत बसतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केलेला आहे.

दुर्मिळतेची कारणे

भयप्रधान प्रकाशनांविषयीचा संशय हा केवळ मराठी अभिरुचीचा विशेष नव्हे. अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या आरंभी ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’सारख्या भयचित्रकथा लोकप्रिय झाल्या. १९५४ मध्ये फ्रेडरिक वेर्थम या मनोविकारतज्ज्ञाचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसन्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. ब्रिटनमध्ये १९५५ मध्ये कायदा झाला. पाठोपाठ भारतात १९५६ मध्ये तरुण व्यक्ती (हानिकारक प्रकाशने) अधिनियम संमत झाला. वीस वर्षांखालील व्यक्तींना बिघडवतील अशी गुन्हे, हिंसा, क्रौर्य वा किळसवाण्या आणि भयंकर घटनांची प्रकाशने त्याने दंडनीय ठरविली. ती चित्रांच्या साहाय्याने सांगितलेली असोत वा चित्रांविना. म्हणजे भयकथेची पहिली व्याख्या देशात समीक्षेने नव्हे, तर कायद्याने केली.

मराठीत प्रत्यक्ष बंदीपेक्षा उपेक्षा अधिक परिणामकारक ठरली. अनंत अंतरकर यांनी १९४६ मध्ये ‘हंस’ सुरू केले. ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ ही त्यांचीच नियतकालिके. त्यांपैकी ‘नवल’ने गूढ, भय आणि अद्भुत यांना हक्काची जागा दिली. मात्र करमणुकीचा अंक वाचून झाला की टाकून द्यावयाचा, हीच सर्वसाधारण समजूत राहिली. सूचिकारांची मदतही येथे अपुरी पडते. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हे मराठी संशोधनाचे मोठे साधन आहे. परंतु तिची कालमर्यादा १८०० ते १९५० अशी आहे. ज्या दशकांत भयकथा बहरली, नेमकी तीच दशके या सूचीबाहेर राहिली. एखादा अंक दुर्मिळ आहे असे विक्रेता सांगतो तेव्हा ते पडताळण्यासाठी हाताशी सूची नसते. अशा स्थितीत आजची चढी किंमत ही बऱ्याच अंशी कालच्या अनास्थेवर चढलेले व्याज ठरते.

पाश्चात्त्य प्रतवारी आणि तिची मर्यादा

चित्रकथांच्या मूल्यांकनाची जी पद्धत जगभर रूढ झाली ती अमेरिकेतून आली. १९७० पासून ओव्हरस्ट्रीट यांची किंमतसूची निघू लागली. २००० मध्ये सीजीसी ही प्रतवारी करणारी संस्था सुरू झाली. ही संस्था प्रतीला दहापैकी गुण देते आणि नंतर ती प्रत प्लास्टिकच्या कवचात बंद करते. दुमड, डाग, नाव, शिक्का यांपैकी काही आढळले की गुण कमी होऊ शकतात. या पद्धतीत सर्वोत्तम प्रत म्हणजे जिला कोणी हात लावला नाही ती. आणि कवचात गेल्यावर ती वाचताही येत नाही.

वेताळाच्या चित्रकथा देणारी, १९६४ ते १९९० या काळात निघालेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ किंवा विक्रम-वेताळाच्या कथांसाठी लक्षात राहिलेला ‘चांदोबा’ यांच्या संग्राहकांतही हाच निकष हळूहळू रुजला आहे. चित्रकथेच्या बाबतीत त्याला काही अर्थ आहे, कारण तेथे रंग आणि रेषा हाच आशयाचा भाग असतो. चित्रकार शंकर यांनी रेखाटलेला, खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम फिक्या छपाईत अर्धाच उरतो. परंतु गद्य भयकथेच्या अंकांना तोच निकष लावणे योग्य नाही.

वाचलेल्या प्रतीचे महत्त्व

मराठी भयकथेचा मोठा वाचकवर्ग विकत घेणाऱ्यांचा नव्हता. तो वर्गणी भरून पुस्तके नेणाऱ्यांचा होता. गल्लीतील खाजगी वाचनालये आणि सार्वजनिक ग्रंथालये यांतून ही पुस्तके हातोहात फिरली. रेक्झिनची बांधणी, वाचनालयाचा शिक्का, गळालेले मुखपृष्ठ, शेवटच्या पानावर चिकटवलेली परतीच्या तारखांची चिठ्ठी ही संग्राहकाच्या दृष्टीने व्यंगे आहेत. साहित्याच्या इतिहासकाराला मात्र हाच पुरावा आहे. तारखांची चिठ्ठी ते पुस्तक किती वेळा बाहेर गेले, कोणत्या महिन्यांत अधिक गेले, किती वर्षे मागणीत राहिले आणि केव्हा थांबले हे सांगते. भयकथेच्या लोकप्रियतेविषयी समीक्षेत केली जाणारी विधाने बहुधा आठवणींवर उभी असतात. येथे ती मोजता येतात. कोरी प्रत ही माहिती देऊ शकत नाही.

अर्थात शिक्का असलेली प्रत घेताना ती ग्रंथालयाने रीतसर निर्लेखित केली आहे किंवा नाही, हे पाहणे आवश्यक ठरते. तो केवळ किमतीचा नव्हे, नीतीचाही प्रश्न आहे.

प्रथम प्रकाशनाचा पुरावा

जुन्या अंकांचे दुसरे मोल पाठचिकित्सेचे आहे. धारपांच्या काही कृतींचा स्टीफन किंग यांच्या लेखनाशी असलेला संबंध वाचकांच्या परिचयाचा आहे. ‘लुचाई’ आणि ‘सेलम्स लॉट’ (१९७५) हे त्याचे ठळक उदाहरण. अशा ठिकाणी अनुवाद, रूपांतर आणि स्वतंत्र निर्मिती यांच्या सीमा ठरविण्यासाठी प्रथम प्रकाशनाची तारीख आणि मूळ पाठ यांची गरज असते. पाश्चात्त्य भय मराठी वाड्यात, माजघरात आणि कुलाचारात कसे रुजविले गेले, हा या लेखकाच्या समीक्षेतील मध्यवर्ती प्रश्न आहे. पुनर्मुद्रित आवृत्तीवर पहिल्या प्रसिद्धीचा तपशील नसेल, तर या प्रश्नाचे उत्तर अंदाजावरच राहते.

२०१८ मध्ये राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ हा चित्रपट आला आणि त्यामागील धारपांच्या कथेच्या प्रेरणेमुळे नव्या पिढीचे लक्ष या लेखकाकडे वळले. नव्या मुखपृष्ठांसह त्यांची पुस्तके पुन्हा उपलब्ध झाली, ही समाधानाची बाब आहे. तथापि पुनर्मुद्रण कथा वाचविते, अंक वाचवीत नाही. कथेशेजारील जाहिरात, संपादकाची टीप, रेखाचित्र, वाचकांची पत्रे हा सारा संदर्भ मूळ अंकाबरोबरच जातो.

भिवंडीचा संदर्भ

यंत्रमागांचे आणि गोदामांचे गाव असलेल्या भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू भाषक एकत्र नांदतात. अशा गावातील रद्दीही बहुभाषिक असते. ‘नवल’चा अंक, इब्न-ए-सफी यांच्या १९५२ पासून निघालेल्या ‘जासूसी दुनिया’ या मालिकेतील एखादी उर्दू कादंबरी आणि राज कॉमिक्सची हिंदी भयचित्रकथा एकाच काट्यावर, एकाच किलोच्या भावाने तोलली जाऊ शकते. संग्राहक त्यांतून आपल्या भाषेचे तेवढे उचलतो. अभ्यासकाने मात्र त्या एकत्र असण्याचीच नोंद घ्यावयास हवी. भय आणि रहस्य यांची आवड भाषेच्या भिंती किती ओलांडते, हे एका भाषेच्या संग्रहावरून कळत नाही.

कोकणपट्टीतील दमट हवा, वाळवी, कसर आणि पावसाळी पूर हे कागदाचे नित्याचे शत्रू आहेत. २६ जुलै २००५ सारख्या अतिवृष्टीत तळमजल्यावरील कागद प्रथम भिजतो. वृत्तपत्री कागद आम्लामुळे मुळातच अल्पायुषी असतो. त्यामुळे भाव वाढण्याची वाट पाहत अंक दडवून ठेवणे म्हणजे तो गमावणेच होय.

निष्कर्ष

१. भयकथांच्या जुन्या अंकांची बाजारातील किंमत प्रामुख्याने दुर्मिळता आणि स्थिती यांवर ठरते. तिला वाङ्मयीन मूल्याचा निर्देशक मानता येत नाही.

२. गद्य अंकांच्या मूल्यांकनात पूर्णता, प्रथम प्रकाशनाचा पुरावा आणि वाचनाच्या खुणा यांना कोरेपणापेक्षा अधिक महत्त्व द्यावे.

३. १९५० नंतरच्या भय व रहस्यविषयक नियतकालिकांची वर्णनात्मक सूची ही तातडीची गरज आहे. ठाण्यातील मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी (१८९३) जुनी ग्रंथालये, महाविद्यालये आणि खाजगी संग्राहक यांच्या सहकार्याने हे काम जिल्हा पातळीवर सुरू करता येईल.

४. जुनी पुस्तके निर्लेखित करताना ग्रंथालयांनी किमान मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि तारखांची चिठ्ठी यांचे छायाचित्रण करून ठेवावे.

संग्राहकाने आजवर जे जपले त्याचे ऋण समीक्षेने मान्य केले पाहिजे. विद्यापीठांनी दुर्लक्षिलेला कागद त्याच्याच हौसेमुळे टिकला. परंतु बंद कपाटातील अंकाची किंमत वाढते, उपयोग वाढत नाही. तो अंक नोंदीत आला आणि वाचला गेला, तरच मराठी भयकथेचा इतिहास ऐकीव आठवणींतून बाहेर येऊन लिहिला जाईल.