उघडी वही आणि तपासलेली वही

लिनक्ससारख्या मुक्त संगणक प्रणालींविषयी एक विधान नेहमी ऐकू येते: तिचा प्रोग्राम कोणालाही वाचता येतो, म्हणून ती सुरक्षित आहे. विधानाचा पहिला भाग खरा आहे. आमची हरकत आहे ती 'म्हणून' या शब्दाला. विद्यार्थ्याने वही टेबलावर उघडी ठेवली म्हणजे ती तपासली गेली, असे कोणी शिक्षक मानणार नाही.

संगणक प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कोणत्या प्रोग्रामला किती स्मृती द्यायची, कोणता केव्हा चालवायचा, हे कर्नल ठरवतो. प्रिंटर, कॅमेरा, नेटवर्क कार्ड अशा उपकरणांशी बोलायला त्याला दुभाषी लागतात. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आत, त्याच्याच अधिकाराने चालतात. त्यामुळे एकाची चूक इतरांना भोवू शकते.

नवा ड्रायव्हर आला की त्या विभागाचे जाणकार तो वाचतात, दुरुस्त्या सुचवतात आणि मगच स्वीकारतात. पद्धत चांगली आहे, पण वाचणाऱ्याजवळ ते उपकरण असेलच असे नाही. प्रयोगवहीतली कृती बरोबर आहे का, हे वाचून कळते. परीक्षानळीत काय होईल, ते प्रयोग केल्यावरच कळते.

२००८ सालचे उदाहरण पाहू. लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीच्या चाचणी-प्रती वापरणाऱ्या काही जणांची इंटेलची नेटवर्क कार्डे सप्टेंबरमध्ये अचानक निकामी झाली. कार्डावरच्या कायम स्मृतीतला मजकूर बिघडला होता, त्यामुळे जुनी प्रणाली पुन्हा घालूनही कार्ड चालेना. संशय साहजिकच त्या कार्डाच्या ड्रायव्हरवर, ई१०००ई वर आला. शोधाअंती दोषी निघाला तो कर्नलचाच दुसरा एक भाग. कोणते काम केव्हा चालते याची नोंद ठेवणारी ही सोय, एफट्रेस, स्मृतीतल्या एका जुन्या पत्त्यावर लिहीत होती. तो पत्ता एव्हाना कार्डाच्या स्मृतीला दिला गेला होता! नुसता ड्रायव्हर कितीही वेळा वाचला असता तरी हा दोष दिसला नसता. मात्र दोन्ही भाग खुले होते, म्हणूनच वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांना मिळून मूळ कारणापर्यंत पोहोचता आले. खुलेपणाचा खरा उपयोग हा आहे.

शोध नेटाने घेतला तर फरक पडतो का? स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्सचा प्रोग्राम स्वयंचलित साधनाने तपासला. ड्रायव्हरमधले चुकांचे प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पटींपर्यंत निघाले. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, फ्रान्समधील संशोधकांनी तशीच पाहणी केली. ड्रायव्हरमधल्या चुकांची संख्या अजून मोठी होती, पण त्यांचे प्रमाण इतर काही भागांपेक्षा खाली आले होते.

तरी काम संपले नव्हते. २०१७ मध्ये सिझकॉलर नावाच्या साधनाने कर्नलला खोटी यूएसबी उपकरणे जोडल्याचे भासवले आणि त्यांच्याकरवी वेडीवाकडी उत्तरे देववली. खरे उपकरण सहसा असे वागत नाही. खोडसाळ माणसाने बनवलेले मात्र वागेल. त्यातून सापडलेले चौदा सुरक्षादोष त्या नोव्हेंबरमध्ये एकदम जाहीर झाले. प्रोग्राम तर सर्वांसमोर उघडाच होता.

बंद प्रणाली यापेक्षा बरी, असे आम्ही म्हणत नाही. तिथे बाहेरच्याला तपासायची मुभाच नसते. पण मुभा मिळणे आणि तपासणी होणे या दोन गोष्टी आहेत. नव्या ड्रायव्हरबद्दल तीन प्रश्न विचारावेत: तो कोणी वाचला? कोणत्या उपकरणांवर चालवून पाहिला? चुकीची माहिती दिल्यावर तो कसा वागला? वर्गात 'मुक्त म्हणून सुरक्षित' हे वाक्य कोणी उच्चारले, तर त्याच्याकडून या तीन प्रश्नांची उत्तरे जरूर मागावीत.