हिप्पींचा नकार

हिप्पीही नकार देणारे आणि दलित कवीही नकार देणारे, म्हणून दोघांना एकाच पंगतीला बसवणारी समीक्षा अजून लिहिली जाते. 'नकार' हा शब्द इतका स्वस्त झाला आहे की कोण काय नाकारतो, हे विचारायचेच राहून जाते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी वस्तीत १९६७ च्या उन्हाळ्यात जमलेली मुले बहुतांशी गोऱ्या मध्यमवर्गातली होती. नोकरी, उपनगरातले घर, बापाची प्रतिष्ठा हे सारे त्यांनी झुगारले. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध त्यांच्यातले अनेकजण उभे राहिले, याचे मोल मी कमी करणार नाही. पण त्या काळात कॉलेजात नाव असले की लष्करभरती पुढे ढकलता येई. गरिबाच्या पोराने, काळ्या पोराने ती सवलत कोठून आणायची? मुहम्मद अलीने १९६७ मध्येच भरती नाकारली. त्याचे विजेतेपद काढून घेतले, पाच वर्षांची सजा ठोठावली. सर्वोच्च न्यायालयाने ती १९७१ मध्ये रद्द केली खरी, पण तोवर ऐन उमेदीची साडेतीन वर्षे गेली होती.

हिप्पीला परतीची वाट होती. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. ठिगळाची विजार घालून शाळेत गेलो, ती काही माझी आवड नव्हती! रंग उडालेली, ठिगळांची जीन्स हिप्पींनी हौसेने मिरवली. पुढे कारखान्यांनी तीच नवी करकरीत विकायला काढली. उदबत्त्या, मणी, योगासने यांचेही तेच झाले. बाजाराला पचवायला इतका सोपा विद्रोह दुसरा सापडणार नाही.

हे त्या वस्तीतल्याच काही जणांना कळले होते. ऑक्टोबर १९६७ मध्ये त्यांनी 'हिप्पी'ची प्रेतयात्रा काढली. वृत्तपत्रांनी घडवलेला हा प्राणी मेला, असे जाहीर केले. त्यांच्यातल्या 'डिगर्स'नी १९६६ पासून बागेत फुकट जेवण वाटले होते. त्या गटाबद्दल मला आदर आहे. परंतु खाडीपलीकडे ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्षाने जानेवारी १९६९ पासून शाळकरी मुलांना सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या ताटात आणखी काही होते. सरकारने जे द्यायला हवे होते ते आम्ही देतो आहोत, असे ते ताट सांगत होते. एफबीआयच्या हूवरने त्याच वर्षी पँथरांना देशाच्या अंतर्गत सुरक्षेला सर्वांत मोठा धोका ठरवले. डिगर्सच्या जेवणावर असा शिक्का कोणी मारला नाही.

१९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी संघटनेसाठी नाव शोधले, तेव्हा गोव्याच्या किनाऱ्यावर हिप्पी हाकेच्या अंतरावर होते. नाव घेतले ते ओकलंडहून.