मुळात कोणत्या भाषेत?

८ एप्रिल २०१० रोजी ॲपलने आयफोनच्या नव्या प्रणालीची चाचणी-प्रत डेव्हलपरांच्या हाती दिली. तिच्यासोबतच्या करारातलं ३.३.१ क्रमांकाचं कलम बदललेलं होतं. ॲप ‘मुळात’ ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी प्लस प्लस किंवा ॲपलच्या वेबकिटमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेलं असलं पाहिजे, अशी अट त्यात घातली होती. या ‘मुळात’पाशी मी आजही अडखळतो. तयार ॲपमध्ये शेवटी यंत्राला कळणाऱ्या सूचनाच असतात. त्या कोणत्या भाषेतून उतरल्या, हे वापरणाऱ्याला दिसत नाही आणि त्याचं त्यावाचून काही अडतही नाही. पण मालकाला हातात आलेली वस्तू तपासून समाधान नव्हतं. ती घडवणाऱ्याने पहिला विचार कोणत्या भाषेत केला, याचाही हिशेब त्याला हवा होता. एखाद्या प्रकाशकाने मराठी कादंबरी वाचावी, ती त्याला आवडावी, आणि तरीही तिचा पहिला खर्डा कन्नडमध्ये झाला म्हणून त्याने ती परत पाठवावी, तसं हे कलम होतं.

नेम कोणावर धरला होता हे उघड होतं. चारच दिवसांनी अडोबीचं फ्लॅश सीएस-५ जाहीर व्हायचं होतं. फ्लॅशमध्ये रचलेलं काम थेट आयफोनचं ॲप म्हणून बांधून देण्याची सोय त्यात होती. महिना संपण्यापूर्वीच अडोबीने त्या सोयीवरचं पुढचं काम थांबवत असल्याचं सांगून टाकलं. २९ एप्रिलला स्टीव्ह जॉब्स यांचं फ्लॅशविषयीचं जाहीर पत्र आलं. ते पत्र गंभीरपणे वाचायला हवं, कारण त्यातलं बरंचसं खरं आहे. बॅटरी, सुरक्षितता, बोटाच्या स्पर्शासाठी न घडलेली रचना, हे फ्लॅशवरचे आक्षेप पुढे खरे ठरले. नोव्हेंबर २०११मध्ये अडोबीनेच मोबाइल ब्राउझरसाठीच्या फ्लॅशचा विकास थांबवला. पत्रातला दुसरा मुद्दा कलेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. डेव्हलपर आणि फोन यांच्यामध्ये तिसऱ्याचा थर आला, की फोनची नवी सोय त्या थरात येईपर्यंत डेव्हलपर ताटकळतो, आणि सगळ्या फोनांवर चालेल तेवढंच करण्याची सवय त्याला लागते. अशी ॲप्स आपण सगळ्यांनी वापरलेली आहेत. सरकवलं की अडखळतात, बटण दाबलं की क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबतात. जॉब्स यांची चीड मला समजते.

मात्र पत्राने दोन वेगळ्या गोष्टी एकाच दाव्याला बांधल्या. ब्राउझरमध्ये चालणारा फ्लॅश ही एक गोष्ट. फ्लॅशमध्ये लिहून यंत्रभाषेत उतरवलेलं ॲप ही दुसरी. ३.३.१ने बंदी घातली ती दुसरीवर, आणि त्या जाळ्यात फ्लॅशशिवाय इतरही सापडले. सी-शार्पमधून आयफोनचं ॲप लिहू देणारं मोनोटच, लुआवर उभं असलेलं कोरोना, जावास्क्रिप्टचं टायटेनियम, आणि खेळ रचणाऱ्यांचं युनिटी, या सगळ्यांच्या डोक्यावर पाच महिने टांगती तलवार राहिली. अमेरिकी नियामक चौकशीचा विचार करत असल्याच्या बातम्या मे महिन्यात आल्या. ९ सप्टेंबर २०१० रोजी ॲपलने अट सैल केली: ॲपने बाहेरून कोड उतरवून घेऊ नये, एवढं पाळलं तर अवजार कोणतंही चालेल.

अवजारावरून कामाची प्रत ओळखता येते का, याचं उत्तर पुढच्या काही वर्षांतल्या कलाकृतींनी दिलं. चेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइनचा ‘मशिनारियम’ घ्या. गंजलेल्या यंत्रमानवांचं ते हाताने रेखाटलेलं शहर २०११मध्ये आयपॅडवर आलं ते अडोबीच्याच साधनांनी बांधून, म्हणजे ज्या वाटेवर सव्वा वर्षापूर्वी बंदी होती त्याच वाटेने. दुसरं उदाहरण ‘मॉन्युमेंट व्हॅली’चं. २०१४चा हा खेळ आजही उघडावा आणि पाहत राहावं असा आहे. बोटाने मनोरा फिरवला की जिथे वाट नव्हती तिथे वाट जुळते, शुभ्र पोशाखातली चिमुकली राजकन्या ती चालून जाते, आणि प्रत्येक चौकट भिंतीवर लावावी अशी दिसते. आयपॅडच्या काचेसाठीच जन्मल्यासारखं वाटणारं हे काम युनिटीमध्ये झालेलं आहे. ॲपलने त्याच वर्षी त्याला आपला डिझाइन पुरस्कार दिला. २०१०चं कलम जसंच्या तसं राहिलं असतं, तर हा खेळ दाराशीच अडवावा लागला असता. निकृष्ट ॲप परत पाठवण्याचा दुकानदाराचा अधिकार मला मान्य आहे. कारागिराची हत्यारं तपासून त्याच्या कामाचा निवाडा करणं मला मान्य नाही.

कोडवरच्या अशा बंद्यांची सर्वांत जास्त किंमत मात्र मुलांनी मोजली असं मला वाटतं, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं गेलं. एमआयटी मीडिया लॅबच्या स्क्रॅचमध्ये मुलं रंगीत ठोकळे जोडून खेळ आणि गोष्टी रचतात. त्या रचना आयफोनवर पाहता येतील असं एक ॲप होतं. एप्रिल २०१०मध्ये ते काढून टाकलं गेलं, कारण दुसऱ्याने लिहिलेला कोड ॲपच्या आत चालवायला मनाई होती. त्याआधी, २००९मध्ये, जुन्या कमोडोर ६४ संगणकाची नक्कल करणारं ॲप मान्य झालं ते त्यातलं बेसिक बंद केल्यावरच. एका पिढीने ज्या भाषेत पहिल्या ओळी लिहिल्या, तीच तेवढी बाहेर ठेवावी लागली. आयपॅडवरच लुआमध्ये लिहिता येणारं कोडिया २०११मध्ये आलं, आणि त्यालाही आपल्या रचना फाइल म्हणून एकमेकांना देण्याची सोय काढावी लागली. २०१६मध्ये ॲपलचं स्वतःचं स्विफ्ट प्लेग्राउंड्स आलं, आणि २०१७च्या जूनमध्ये शिकण्याच्या ॲप्सना कोड उतरवून घेण्याची मर्यादित मुभा मिळाली. डिसेंबर २०२१पासून तर स्विफ्ट प्लेग्राउंड्समधून आयपॅडवरच ॲप बांधून दुकानात पाठवता येतं. ही सोय उत्तम आहे, पण ती ॲपलच्या भाषेला आणि ॲपलच्या अवजाराला मिळाली. ॲलन के यांनी १९७२मध्ये मुलांसाठी वहीसारख्या संगणकाची कल्पना मांडली होती. तशा आकाराची वस्तू अखेर लाखो मुलांच्या हाती पोचली, तेव्हा तिच्यात एकमेकांना आपली रचना द्यायला बंदी होती.

सुरक्षिततेचं कारण खोटं नाही. चालू असताना ॲपने नवा कोड तयार करून लगेच चालवणं धोक्याचं असतं, आणि आयफोनने ते दार बंद ठेवल्यामुळे वापरणाऱ्यांचं रक्षण झालेलं आहे. प्रश्न येतो तो एकाच किल्लीचा. मार्च २०११मध्ये सफारीला जावास्क्रिप्ट वेगाने चालवणारं नवं इंजिन मिळालं, ते याच बंद दाराची किल्ली वापरून. इतर ॲप्सच्या आतल्या वेबपानांना तो वेग २०१४पर्यंत मिळाला नाही. २०१२मध्ये आयफोनवर आलेल्या क्रोमलाही नाही. वेबच्या साधनांनी ॲप करणाऱ्यांना त्या काळात ‘तुमचं काम मंद चालतं’ असं ऐकावं लागलं. सगळा दोष वेगाचा नव्हता. तरी शर्यतीत एकाच्या पायात बेडी होती हे विसरून चालणार नाही.

भाषेवरचं कलम गेलं, पण अवजारांवरची पकड दुसऱ्या ठिकाणी उरली आहे. ती ऑगस्ट २०२०मध्ये उघडी पडली. खेळ बनवणाऱ्या एपिक कंपनीने आपल्या ‘फोर्टनाइट’मध्ये स्वतःची पैसे घेण्याची सोय घातली, तेव्हा ॲपलने तो खेळ काढलाच. शिवाय एपिकची डेव्हलपर खाती आणि साधनं २८ ऑगस्टला बंद करू, असंही कळवलं. एपिकचं अनरिअल इंजिन त्या साधनांवाचून आयफोनसाठी अद्ययावत राहू शकलं नसतं, आणि त्यावर भलत्याच लोकांचे खेळ उभे होते. भांडण दोघांचं, आणि छत उडणार तिसऱ्याचं. मायक्रोसॉफ्टने न्यायालयात निवेदन देऊन ही अडचण मांडली. न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी २४ ऑगस्टला फोर्टनाइट परत आणायला नकार दिला, पण अनरिअलला हात लावायलाही ॲपलला मनाई केली. खेळ आणि अवजार यांच्यामध्ये त्यांनी ओढलेली ती रेघ मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

अँड्रॉइडवर भाषेची अशी अट कधी नव्हती, आणि दुकानाबाहेरून ॲप घालण्याची वाटही होती. ऑगस्ट २०२५मध्ये गूगलने त्या वाटेवरही डेव्हलपरची ओळख पटवण्याची अट जाहीर केली आहे. पुण्या-मुंबईतल्या चार-पाच जणांच्या कंपन्या दोन्ही फोनांसाठी वेगवेगळा कोड सांभाळू शकत नाहीत. त्यांचा आधार एकाच कोडमधून दोन्हीकडची ॲप्स बांधणारं फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह हाच आहे, आणि २०१०च्या मोजपट्टीने ही दोन्ही अवजारं नापास झाली असती.

आयफोनवरच्या ब्राउझरने वेबकिटशिवाय दुसरं इंजिन वापरू नये, ही बंदी सर्वांत चिवट ठरली. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४मध्ये तिथे दुसऱ्या इंजिनांना परवानगी मिळाली. पण त्यासाठी केवळ युरोपपुरतं वेगळं ॲप काढून सांभाळायचं होतं. वर्ष उलटलं तरी क्रोम किंवा फायरफॉक्स आपलं इंजिन घेऊन तिथे आले नव्हते. भारतातल्या आयफोनवर यांपैकी कोणताही ब्राउझर उघडा, पान काचेवर उमटवतं ते वेबकिटच. त्याने एखादं मराठी जोडाक्षर चुकीचं मांडलं, तर दुसरा ब्राउझर उतरवून घेऊनही तेच चुकीचं अक्षर समोर येईल.