नीतिशास्त्राचे दोन निबंधसंग्रह : निवडीचा निकष

प्रास्ताविक

पदवी स्तरावर नीतिशास्त्र व सामाजिक तत्त्वज्ञान शिकविताना कोणता निबंधसंग्रह निवडावा, हा प्रश्न वरकरणी ग्रंथखरेदीचा वाटतो. वस्तुतः कोणाचे प्रश्न नैतिक चिंतनाच्या केंद्रस्थानी असावेत, याचाच तो निर्णय असतो. प्रस्तुत लेखात पीटर सिंगर संपादित ‘अ कम्पॅनियन टू एथिक्स’ (१९९१) आणि गोपाळ गुरू व सुंदर सरुक्काई लिखित ‘द क्रॅक्ड मिरर’ (२०१२) या दोन इंग्रजी ग्रंथांचा या दृष्टीने विचार केला आहे.

व्याप्ती आणि मर्यादा

सिंगर यांच्या ग्रंथात ७ विभागांत ४७ निबंध आहेत. परिणामवाद, कर्तव्यवाद, सद्गुणविचार अशा प्रमुख भूमिकांचा असा सुबोध परिचय एकत्र क्वचितच मिळतो. तथापि ग्रंथाची रचना लक्षणीय आहे. भारतीय, बौद्ध, चिनी, ज्यू, ख्रिस्ती व इस्लामी परंपरांना प्रत्येकी एक निबंध मिळतो. पाश्चात्त्य नीतिविचाराच्या इतिहासाला मात्र स्वतंत्र विभाग. समता व प्राधान्य यांवरील बर्नार्ड बॉक्सिल यांच्या निबंधाची पार्श्वभूमी अमेरिकेतील वंशप्रश्नाची आहे. आरक्षणाच्या चर्चेत तो साहाय्यभूत ठरतो. परंतु वंश आणि जात यांतील भेद अध्यापकालाच स्पष्ट करावा लागतो.

अनुभव आणि सिद्धान्त

दुसऱ्या ग्रंथाचे मूळ गुरू यांच्या २००२ मधील लेखात आहे. भारतीय सामाजिक शास्त्रांत सिद्धान्त मांडणारे आणि केवळ सामग्री पुरविणारे अशी विभागणी झाली असून तीत जातीचीच उतरंड दिसते, असा त्यांचा आक्षेप आहे. सरुक्काई तो पुढे नेतात : भोगणाऱ्याला आपला अनुभव नाकारण्याचे स्वातंत्र्य नसते, निरीक्षकाला ते असते, मग परक्याच्या अनुभवावर सिद्धान्त रचणे नैतिकदृष्ट्या कितपत समर्थनीय आहे? अस्पृश्यतेवर दोघांचेही निबंध आहेत. सरुक्काई स्पर्शाच्या तात्त्विक विश्लेषणातून तिचे मूळ ब्राह्मणाच्या स्वतःच्या अस्पृश्यतेत शोधतात. गुरू तिच्या दडलेल्या थरांचे उत्खनन करतात. संवाद आणि मतभेद यांतून युक्तिवाद कसा घडतो, हे विद्यार्थ्याला येथे प्रत्यक्ष पाहता येते.

ग्रंथ निर्दोष नाही. त्याची परिभाषा जड असून युरोपीय तत्त्वचिंतनाचा परिचय त्यात गृहीत धरला आहे. मराठी माध्यमाच्या वर्गात अध्यापकाला प्रत्येक निबंधाचे सार स्वतःच सिद्ध करावे लागेल.

निष्कर्ष

व्याप्ती हाच निकष मानल्यास सिंगर यांचा ग्रंथ निःसंशय सरस ठरतो. परंतु ज्यांच्या जगण्यातून हे प्रश्न उद्भवले, ते विद्यार्थी आपल्यासमोर बसलेले असतात. पहिला ग्रंथ त्यांना इतरांचे सिद्धान्त शिकवितो. दुसरा त्यांच्या सिद्धान्त मांडण्याच्या अधिकाराची चर्चा करतो. म्हणून पहिल्यातील परिणामवाद व कर्तव्यवाद यांवरील निबंध पूर्वतयारी म्हणून वाचून घ्यावेत आणि अध्यापनाचा मुख्य आधार दुसऱ्याला करावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.